कुपाटी कुणी उघडली

टरबूज तोडणीला आलं आणि देश बंद झाला. बंद म्हणजे सगळंच. वडवणीचा बाजार बंद, बीडची एसटी बंद आणि मुख्य म्हणजे नेकनूरच्या व्यापाऱ्याचा फोन बंद. हाच बाबा वेलाला फुलं लागल्यापासून बांधावर येऊन बसायचा, चहा ढोसायचा आणि माल दुसऱ्याला दिला तर बघा, असा वर दमही द्यायचा. आता चुकून फोन लागलाच तर त्याची बायको उचलायची आणि सांगायची, ते अंघोळीला गेलेत. एवढी लांबलचक अंघोळ सुंदरबाईनं उभ्या जन्मात ऐकली नव्हती.

सुंदरबाई आणि तिचा नवरा बद्रीनाथ शेतातच घर करून राहत. लेक सासरी गेलेली, त्यामुळे घरात दोघंच आणि राबायलाही दोघंच. विहिरीतलं होतं नव्हतं ते पाणी त्यांनी त्या वर्षी टरबुजाला पाजलं होतं. फळ आलंही असं, की रस्त्यानं जाणाऱ्यानं गाडी थांबवून बघावं. पण रस्त्यानं जायलाच बंदी. वर चैत्राचं ऊन. फळं वेलावरच तडकायला लागली. सुंदरबाईनं आधी गावात वाटली. गावानं सुरुवातीला मिटक्या मारत खाल्ली, मग उपकार केल्यासारखी खाल्ली, आणि पुढं पुढं तर ती डोक्यावर पाटी घेऊन येताना दिसली की बाया दार लोटून घ्यायला लागल्या.

बद्रीनाथ रानाकडे पाठ करून लिंबाखाली बसायचा. तसा तो मुलखाचा कष्टाळू माणूस, पण मालाची अशी माती होताना बघायचं त्याच्यानं होईना.

अशात सटवाचा कळप गायरानात अडकला. सटवा धनगर, त्याची बायको रतनबाई आणि त्यांची मेंढरं दर वर्षी ज्वारी निघाली की बद्रीनाथच्या रानात बसायला यायची. मेंढरांनी रात्री रानात बसायचं, त्यांच्या लेंड्यांनी रान खतवायचं आणि त्याबदल्यात सटवानं ज्वारीचं पोतं न्यायचं, असा हा जुना रिवाज. सुंदरबाई नवी नवरी होती तेव्हापासून ही मेंढरं येत होती. रतनबाई तिला आक्का म्हणायची आणि सासरच्यांना सांगता न येणाऱ्या कितीतरी गोष्टी सुंदरबाईनं तिच्या मेंढरांच्या वाड्यावर, तीन दगडांच्या चुलीपाशी बसून सांगितल्या होत्या. या वर्षी मेंढरं बसून झाली, पोतं देऊन झालं आणि ती माघारी निघाली तोच पुढच्या गावानं रस्त्यावर काटे टाकले. रोग घेऊन येतील म्हणे. माणसांचं एक वेळ समजलं असतं, मेंढरांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? गायरान तर आधीच खरवडल्यासारखं झालं होतं. मेंढरं दिवसभर ओरडायची. कुपाटीच्या म्हणजे काट्यांच्या कुंपणाच्या एका बाजूला खायला कुणी नाही म्हणून सडणारं टरबूज आणि दुसऱ्या बाजूला खायला काही नाही म्हणून ओरडणारी मेंढरं, असं ते सगळं होतं.

सुंदरबाईला ते सोसेना. एका सकाळी तिनं चुलीपुढची भाकरी तशीच टाकली, जाऊन कुपाटीतला बोराटीचा फेस, वाट अडवणारी ती काटेरी फांदी, स्वतःच्या हातानं ओढून काढला आणि हाळी दिली.

"सटवा! आन रे मेंढरं हिकडं!"

सटवा आला, पण बाहेरच थांबला. "आक्का, उभं पीक हाय. आण्णाला इचारलं का?"

"उभं कसलं, आडवं झालंय. सोड म्हनते ना."

बद्रीनाथनं लिंबाखालून मान वळवून पाहिलं. मेंढरं आत घुसली आणि बघता बघता त्यांची तोंडं लालभडक झाली, पाय रसात बुडाले, एक म्हातारी मेंढी तर अख्खं डोकं फळात घालून तशीच उभी राहिली. ते बघून सुंदरबाईला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी ती हसली. तिच्यामागं रतनबाई हसली, आणि शेवटी लिंबाखालचं माणूसही हसलं.

रान साफ झालं. सटवाच्या घराण्यात एक दस्तूर होता. कुणाचं पीक कळपानं फुकट खाल्लं तर रिकाम्या हातानं निघायचं नाही, कळपाची बरकत जाते. म्हणून त्यानं काळ्या कानाचं एक मादी कोकरू आणून सुंदरबाईच्या दारात बांधलं. सुंदरबाई नको नको म्हणाली, पण दस्तुरापुढं तिचं काय चालणार? त्याचं पुरतं दूध सुटलं नव्हतं, म्हणून रतनबाई सांज-सकाळ येऊन त्याला आईकडे पाजायला न्यायची. एकूण त्या वाईट दिवसांत एवढी एक गोष्ट चांगली झाली, असं सुंदरबाईला वाटत होतं.

मग मदत आली. म्हणजे मदत यायची बातमी आली; या दोन गोष्टींत केवढं अंतर असतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. बंदीत ज्यांचं फळ वाया गेलं त्यांना सरकार पैसे देणार होतं. बातमी आणली अंगदनं. अंगद हा बद्रीनाथचा धाकटा भाऊ. शेती त्यानं कधीच वाट्यानं दिलेली. पांढरे कपडे, गळ्यात गमछा, दिवसभर पुढाऱ्यांच्या मागंपुढं, आणि गावातलं कुणाचंही काम आपल्यामुळंच होतं असा त्याचा ठाम समज. अगदीच खोटा समज होता असंही नाही. तो तलाठी भाऊसाहेबांना घेऊन बांधावर आला आणि भाऊसाहेबांनी रान बघून कपाळाला हात लावला. रानात टरबुजाची सालसुद्धा नव्हती. होत्या त्या लेंड्या.

"माल कुठंय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"मेंढरांला घातला," सुंदरबाई म्हणाली. वाया घालवला नाही, हे सांगताना तिचा आवाज थोडा ताठच होता.

इथंच माशी शिंकली. शेजारच्या रामहरीनं आपलं टरबूज जागच्या जागी सडू दिलं होतं. वासानं बांधावर उभं राहवत नव्हतं, माश्यांचं मोहोळ उठलेलं. त्याचे फोटो निघाले, सही झाली, काम फत्ते. भाऊसाहेब स्वभावानं वाईट माणूस नव्हता. त्यानं समजावून सांगितलं. माल सडलेला दिसला पाहिजे. तो नसेल तर बंदीमुळं राखण करता आली नाही आणि जनावरांनी घुसून नासाडी केली, असं तरी पाहिजे, आणि ज्याची जनावरं त्यानं तसं कबूल करून रानात उभं राहून फोटो दिला पाहिजे. आपल्या हातानं चारलं तर ती नासाडी होत नाही, ती आपली मर्जी झाली.

भाऊसाहेब दोन दिवसांनी परत येतो म्हणून गेला. अंगद मागं राहिला.

"सोपं काम हाय दादा. मेंढरं घुसली म्हनायचं. सटवानं हो म्हनायचं. त्याला दंड न्हाई, केस न्हाई. एक फोटो."

"आन् मी हाळी देऊन बोलवलं, त्ये?" सुंदरबाईनं विचारलं.

"वैनी, तुमी तेवढं तोंड मिटून ठिवा. एवढंच काम हाय तुमचं."

सटवाला बोलावलं. तो येऊन अंगणात उकिडवा बसला, मागं रतनबाई. अंगदनं सांगितलं तसं रतनबाईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"न्हाई जमायचं," ती म्हणाली. "धनगराच्या मेंढरानं रान फोडलं, असं एकदा झालं की त्ये पुसून निघत न्हाई. मग कोन बसू देतंय रानात? आमची पेंड म्हना, पानी म्हना, समदं लोकांच्या बांधावर हाय, आक्का."

ती आक्काकडे बघत होती. सगळेच बघत होते. सुंदरबाई पुढ्यातल्या सुपातले खडे वेचत राहिली. तिला बोलायचं होतं. पण नवऱ्याच्या पायाला पडलेल्या भेगा तिच्या समोरच होत्या, कोरडी पडलेली विहीर समोर होती, आणि पुढच्या पेरणीला घरात काही नव्हतं. ती दमली होती. दमलेल्या माणसाला खोटं बोलावं लागत नाही, गप्प बसलं तरी भागतं.

शेवटी सटवाच बोलला. "जाऊ दे गं. मेंढरानं खाल्लं ह्ये तर खरंच हाय. कसं खाल्लं ह्ये आता मेंढरालाबी याद न्हाई. आण्णाचं अन्न खाल्लंय आपन. लिवा काय लिवायचं ते."

भाऊसाहेब आला त्या दिवशी अंगदनं सगळ्यात आधी दारातलं कोकरू बघितलं आणि तो ओरडलाच. रान फोडणारा धनगर कधी नुकसान झालेल्याच्या दारात कोकरू बांधून जातो काय? घाला ते आत! सुंदरबाईनं कोकरू उचललं, स्वयंपाकघरात नेलं आणि दाराला कडी घातली. बाहेर सटवा मोकळ्या रानात उभा राहिला. फोटोत नीट दिसावं म्हणून मेंढरं त्याच्यामागं उभी केली. भाऊसाहेबानं कागद वाचायला सुरुवात केली, की संचारबंदीमुळे राखण करणे शक्य न झाल्याने मेंढपाळाच्या मेंढ्यांनी कुंपण मोडून शेतात प्रवेश केला, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून कोकरू ओरडलं.

कळपातून त्याच्या आईनं ओ दिली.

भाऊसाहेब थांबला. पुन्हा वाचायला लागला. पुन्हा आत कोकरू, बाहेर आई. कळपातून वाट काढत ती मेंढी सरळ घराकडं आली आणि बंद दारापाशी उभी राहून ओरडायला लागली. आत सुंदरबाई कोकराचं तोंड हातानं दाबून धरायला बघत होती आणि ते तिच्या बोटांत दूध शोधत होतं. भाऊसाहेबाला काय कळायचं ते कळलं असणार, पण त्यालाही त्या दिवशी अजून बरीच शिवारं गाठायची होती. त्यानं मान खाली घालून उरलेलं वाचलं आणि विचारलं, "कबूल हाय का?"

"कबूल हाय जी," सटवा म्हणाला. अंगठा दिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी फोटोत त्यानं हात जोडले.

त्यानंतर रस्ते उघडले आणि कळप गेला. जाताना रतनबाई भेटायला आली नाही.

पैसे यायला पुढचं सगळं वर्ष गेलं. आले ते बियाण्यात आणि बद्रीनाथच्या छातीच्या दुखण्यात कधी विरले ते कळलंही नाही. पण पैसे यायच्या कितीतरी आधी तो फोटो गावोगाव फिरायला निघाला होता. अंगदला केलेलं काम दाखवल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. त्यानं फोटो ग्रुपवर टाकला. मोकळं रान, मागं मेंढरं, पुढं हात जोडलेला सटवा, आणि खाली मजकूर: मेंढपाळाने टरबुजाचे उभे पीक फस्त केले, अंगदभाऊंच्या पाठपुराव्याने शेतकऱ्याला न्याय. या ग्रुपवरून त्या ग्रुपवर, या गावातून त्या गावात. सटवा ज्या ज्या वाटेनं मेंढरं घेऊन जायचा, त्या त्या वाटेवरच्या प्रत्येक खिशात तो फोटो जाऊन बसला.

ज्वारी निघाली. सुंदरबाईनं पोतं भरून कोपऱ्यात ठेवलं. सटवा आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही आला नाही. बद्रीनाथ म्हणायचा, दुसरी वाट धरली असंल. रान मात्र वर्षागणिक उतरत चाललं होतं. कोकराची मेंढी झाली होती. एकटी असल्यानं ती सुंदरबाईच्या पायात पायात घोटाळायची आणि रस्त्यानं कुणाचाही कळप गेला की मान उंच करून उभी राहायची.

मग एकदा बद्रीनाथ वडवणीच्या बाजारातून आला तो तोंड उतरवूनच. बराच वेळ चप्पल काढायचंसुद्धा त्याला सुचलं नाही.

"सटवानं मेंढरं इकली म्हनं," तो म्हणाला. "कुनी रानात बसूच दिलं न्हाई. त्या मोसंबीवाल्या धुळाजीनं तर काठी घेऊन हाकलला म्हनं."

सुंदरबाईला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी तिनं मेंढीच्या गळ्यात दोरी बांधली.

"कुठं?" बद्रीनाथनं विचारलं.

"त्यांचं हाय, त्यांला देऊन येते. आन् वाटंत बोलनार हाय मी. समद्यांला."

"अंगद बोंबलंल. पैसे माघारी मागतील."

"मागू द्या."

बद्रीनाथ बायकोकडे बघत राहिला. मग उठला आणि त्यानं दोरीची गाठ ओढून बघितली. "ढिली हाय," एवढंच म्हणून त्यानं ती पुन्हा बांधून दिली.

पाऊलवाटेनं जाऊन ती सटवाच्या वस्तीवर पोहोचली तेव्हा ऊन तापलं होतं. रतनबाई दारात बसली होती. गुडघे धरलेले, केस पिकलेले. शेजारी मेंढरांचा वाडा होता, त्यात आता सरपण रचलेलं. आक्काला बघून ती उठली नाही, पण तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"सटवा?"

"कारखान्याला गेलाय. ऊस तोडायला."

"ह्या वयात?"

"मेंढरं वय इचारीत न्हाईत, आक्का. मुकादम इचारतो, पर घेतलं त्यानं कसंबसं."

सुंदरबाईनं दोरी पुढं केली. "तुझं कोकरू. वाढवलंय मी. घे माघारी."

रतनबाईनं मेंढीच्या काळ्या कानावरून हात फिरवला, दात बघितले, पाठ चाचपली. चांगली ठेवलीस, असं तिला म्हणायचं असावं. पण दोरी तिनं हातात घेतली नाही.

"कशात घालू तिला? कळप कुठं हाय? एकटं मेंढरू झुरून मरतं. तुमच्या पायात तरी राहतंय."

सुंदरबाईचे डोळे भरून आले. "रतन, मी त्या दिशी बोलायला पायजे होतं."

"व्हय," रतनबाई म्हणाली. रागानं नाही. रागाला लागणारी ताकद तिच्यात उरली नव्हती. "कुपाटी तुमी उघडलीवती. मला ठावं हाय, तुमाला ठावं हाय. पर आमाला रानात बसू देनार होते त्यांला कुठं ठावं हाय?"

परत निघाली ती पाऊलवाट सोडून डांबरी रस्त्यानं, मेंढीला धरून. मधल्या गावात एसटीच्या थांब्यापाशी चहाचं हॉटेल होतं आणि बाकावर धुळाजी बसला होता. गावातला मोठा बागायतदार, तोंडाचा फटकळ. सुंदरबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुमी सटवा धनगराला काठीनं हाकललं का?"

"हाकललं की. टरबुजवाला ना? फोटू हाय त्याचा. माजी मोसंबी हाय, पोसायला ठिवली का त्याच्यासाठी?"

"त्ये रान माजं," सुंदरबाई म्हणाली. "सटवानं फोडलं न्हाई. कुपाटी मी उघडली. ह्या हातानं. तो इचारीत होता बाहेर उभा राहून, मी हाळी मारून आत घेतला. मदत मिळावी म्हनून आमी त्याच्या नावावर खोटं घातलं. नारायणगडाची शप्पथ, त्याच्या मेंढरानं कधी कुनाच्या पानाला तोंड लावलं न्हाई."

हॉटेलातला चहा गाळणारा हात थांबला. बाकावरच्या एका पोरसवदा माणसानं खिशातून फोन काढला. "काकू, परत म्हना बरं. घेतो."

सुंदरबाईला कळत होतं, हे आता अंगदच्या फोनवर जाणार, भाऊसाहेबाच्या जाणार, आणखी कुणाकुणाच्या जाणार. तिनं पदर सारखा केला, फोनकडे बघितलं आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. कोकरू स्वयंपाकघरात कोंडलं होतं, तेसुद्धा.

धुळाजीनं टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली.

"मंग चुकलंच म्हनायचं आमचं," तो शेवटी म्हणाला. "मानूस बरा होता तो. पाच-सात साल बसवलीवती मेंढरं मी बी. आपलं रान मोकळंच हाय बगा ह्या साली. येऊ दे त्याला. मेंढरं घिऊन ये म्हनावं धुळाजीकडं, ज्वारी दोन पायल्या जास्ती देतो."

हॉटेलवाल्यानं मान डोलावली. आणखी एक-दोघं म्हणाले, आमच्याकडंबी येऊ दे. चांगली माणसं होती ती, अगदी मनापासून बोलत होती.

सुंदरबाईनं हातातली दोरी थोडी वर केली. मेंढी तिच्या पायापाशी उभी होती, रस्त्याच्या दोन्ही टोकांना आळीपाळीनं बघत.

"ही आली की," ती म्हणाली. "त्याची समदी मेंढरं म्हंजी हीच आता."